मोबाइल आणि मेल सर्व्हर यांच्यातील 'सिंक'चे दोष : दोषनिवारण मार्गदर्शिकांची एक चिकित्सा

१. प्रस्तावना

ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या कार्यालयांत टपालाची जागा ई-मेलने घेतली, त्याला आता मोठा काळ लोटला आहे. विद्यापीठाची परिपत्रके, परीक्षा विभागाच्या सूचना, सहसंचालक कार्यालयाने मागविलेली माहिती, चर्चासत्रांची निमंत्रणे हे सारे आज ई-मेलने येते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने म्हणजे 'नॅक'ने जुलै २०१७ पासून सुधारित मूल्यांकन पद्धती लागू केली. तेव्हापासून स्वयंमूल्यमापन अहवाल सादर करणे आणि त्यातील माहितीविषयीच्या शंकांना उत्तरे देणे ही कामेही ऑनलाइन होऊ लागली. अशा बहुतेक पत्रांना मुदत असते आणि मुदत चुकली तर तिची किंमत एका व्यक्तीला नव्हे, तर संपूर्ण संस्थेला मोजावी लागते.

पत्र येण्याचा मार्ग बदलला, त्याबरोबर ते वाचण्याची जागाही बदलली. पूर्वी पत्र आवक लिपिकाच्या टेबलावर येत असे. आज ते प्राचार्यांच्या, कार्यालयीन अधीक्षकांच्या किंवा एखाद्या समन्वयक प्राध्यापकाच्या मोबाइलवर दिसते, आणि कधी कधी दिसतही नाही. पत्र मेल सर्व्हरवर पोहोचलेले असते, परंतु मोबाइलच्या पडद्यावर उमटलेले नसते. तंत्रज्ञांच्या भाषेत याला 'सिंक न होणे' असे म्हणतात. हा दोष दूर करण्यासाठी मोबाइल कंपन्या, ई-मेल सेवा पुरविणाऱ्या संस्था आणि सर्व्हरचे निर्माते यांनी दोषनिवारण मार्गदर्शिका तयार केल्या आहेत.

अशा मार्गदर्शिकांकडे समीक्षेचा विषय म्हणून सहसा पाहिले जात नाही. तथापि, हाही एक लेखनप्रकार आहे. त्याला निवेदक आहे, गृहीत धरलेला वाचक आहे, ठरलेला क्रम आहे आणि दोष कोणाकडे आहे याविषयीची एक भूमिकाही आहे. प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराची चिकित्सा केली आहे. या मार्गदर्शिका शोधाची सुरुवात मोबाइलपासून करतात. वास्तविक ती सर्व्हरपासून व्हावयास हवी. हा केवळ तांत्रिक सोयीचा प्रश्न नसून जबाबदारीच्या न्याय्य वाटणीचाही प्रश्न आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

२. समीक्षेची व्याप्ती

येथे कोणतीही एक मार्गदर्शिका तपासावयास घेतलेली नाही. मदत-पानांतून सर्रास आढळणारा साचा हाच विचाराचा विषय आहे. तो साचा साधारणपणे असा असतो : इंटरनेट चालू आहे का ते पाहा, मोबाइल बंद करून पुन्हा चालू करा, ॲप अद्ययावत करा, पासवर्ड पुन्हा टाका, खाते काढून टाका व नव्याने जोडा, तरीही अडचण राहिल्यास आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा. या सहा पायऱ्या कमी-अधिक फरकाने सर्वत्र दिसतात. त्यांचे परीक्षण क्रम, भाषा आणि गृहीत वाचक या तीन अंगांनी करावयाचे आहे. तत्पूर्वी 'सिंक' ही संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे.

३. 'सिंक' म्हणजे मेळ

'सिंक' या शब्दाला मराठीत सर्वांत जवळचा शब्द जमाखर्चाच्या वहीत सापडतो. तो म्हणजे 'मेळ'. दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळणे म्हणजे मेळ बसणे. मोबाइलमधील पत्रांची यादी आणि सर्व्हरवरील यादी यांचा मेळ बसविण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. कार्यालयातील टपालाच्या व्यवहाराशी ताडून पाहिल्यास त्या सहज समजतात.

पहिली पद्धत 'पॉप'. तिचे आज वापरात असलेले तिसरे रूप १९९६ च्या मानकाने निश्चित झाले. या पद्धतीत मोबाइल किंवा संगणक सर्व्हरवरील पत्रे स्वतःकडे उतरवून घेतो आणि 'प्रत सर्व्हरवर ठेवा' असे सांगितलेले नसेल तर सर्व्हरवरील मूळ पत्र पुसूनही टाकतो. टपालपेटीतील पत्रे सेवकाने घरी नेऊन ठेवावीत, तसाच हा प्रकार होय. खरे तर येथे मेळ नसतोच. केवळ स्थलांतर असते.

दुसरी पद्धत 'आयमॅप'. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे तिचा आरंभ केला. २००३ मध्ये तिचे जे मानक प्रसिद्ध झाले, त्यावर पुढे दीर्घकाळ व्यवहार चालला. या पद्धतीत मूळ पत्र दप्तरातच म्हणजे सर्व्हरवर राहते आणि मोबाइलवर त्याची प्रत दिसते. प्रत्येक पत्राला एक क्रमांक असतो आणि ज्या फोल्डरमध्ये ते आहे त्या फोल्डरला स्वतंत्र वैधता-क्रमांक असतो. आवक नोंदवही नव्या वर्षी बदलते आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणूनच पत्राची ओळख 'क्रमांक अमुक, वर्ष अमुक' अशी द्यावी लागते. तीच येथील योजना आहे. सर्व्हर बदलला किंवा जुन्या साठवणीतून खाते पुन्हा उभे केले, तर हा वैधता-क्रमांक बदलू शकतो. तसे झाल्यास मोबाइलने आपल्याकडील जुन्या क्रमांकांची नोंद रद्द समजून सर्व यादी नव्याने जुळवावयाची असते.

तिसरी पद्धत मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज' सर्व्हरबरोबर आलेली 'ॲक्टिव्हसिंक'. प्रत्येक देवघेवीच्या वेळी सर्व्हर मोबाइलला एक नवी खूण देतो. पुढच्या वेळी मोबाइलने ती दाखवावयाची असते. खूण जुळली नाही तर सर्व्हर 'पुन्हा शून्यापासून सुरू करा' असे सांगतो. 'एक्स्चेंज २००३' च्या दुसऱ्या सुधारित संचातून २००५ मध्ये या पद्धतीला 'डायरेक्ट पुश'ची जोड मिळाली. मोबाइल सर्व्हरला विचारतो की, पुढील अमुक मिनिटांत नवे पत्र आले तर कळवा. सर्व्हर ते विचारणे उघडे ठेवतो. पत्र आले तर लगेच कळवितो, अन्यथा मुदतीअखेर 'काही नाही' असे उत्तर देतो. आयमॅपमध्येही १९९७ च्या मानकानुसार अशीच 'वाट पाहण्याची' सोय आहे. ती दर २९ मिनिटांच्या आत नव्याने सुरू करावी, असा सल्ला त्या मानकातच दिला आहे. कारण अर्धा तास हालचाल न दिसल्यास सर्व्हर जोडणी तोडण्याचा संभव असतो.

या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. आयमॅप व ॲक्टिव्हसिंक या दोन्ही पद्धतींत मूळ नोंदवही सर्व्हरवर असते, मोबाइलवर केवळ तिची नक्कल असते. नक्कल चुकली की आधी मूळ नोंदवही उघडावी, हा दप्तराचा साधा नियम आहे. मार्गदर्शिकांचा साचा नेमका हाच नियम मोडतो.

४. मार्गदर्शिकांचे गुण

चिकित्सा एकांगी होऊ नये म्हणून या लेखनप्रकाराच्या जमेच्या बाजू आधी नोंदविणे उचित ठरेल. साच्यातील पायऱ्या सोप्या आहेत, त्यांना खर्च येत नाही आणि अनेकदा त्या उपयोगीही पडतात. विमान स्थिती चालूच राहिलेली असणे, डेटा संपलेला असणे, मोबाइलमधील तारीख चुकल्यामुळे सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र अवैध ठरणे या अडचणी प्रत्यक्षात येतात आणि त्या मोबाइलपाशीच सुटतात. अँड्रॉइडच्या २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून, न वापरता ठेवलेला मोबाइल बॅटरी वाचविण्यासाठी पार्श्वभूमीतील कामे लांबणीवर टाकतो. त्यामुळे पत्र उशिरा दिसते. याही बाबतीत उपाय मोबाइलमध्येच करावयाचा असतो.

काही वेळा तर मोबाइलच सर्व्हरला त्रास देतो. जानेवारी २०१३ मध्ये ॲपलची आयओएस ६.१ ही प्रणाली आली. वारंवार होणाऱ्या बैठकांच्या कॅलेंडर-नोंदींपैकी एखादी नोंद बदलली असता या प्रणालीचे मोबाइल एक्स्चेंज सर्व्हरवर सतत आघात करीत राहत आणि सर्व्हरच्या व्यवहार-नोंदी अतोनात वाढत. फेब्रुवारी २०१३ मधील ६.१.२ या आवृत्तीने हा दोष दूर झाला. म्हणजे 'ॲप अद्ययावत करा' ही सूचना निरर्थक नाही. सर्व दोष सर्व्हरवरच असतो असा दावा प्रस्तुत लेखकाचा नाही. शोध कोठून सुरू करावा एवढाच येथील प्रश्न आहे.

५. क्रमाची चिकित्सा

साच्यातील सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यात पहिला प्रश्नच विचारलेला नसतो. तो प्रश्न असा : ही अडचण एकाची आहे की अनेकांची? या एका प्रश्नाच्या उत्तराने शोधाची दिशा ठरते. १० ऑक्टोबर २०११ पासून सुमारे तीन दिवस ब्लॅकबेरीची सेवा युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका व भारतात कोलमडली. कंपनीच्या यंत्रणेतील एक मुख्य स्विच बंद पडला आणि त्याच्या जागी जी पर्यायी व्यवस्था आपोआप सुरू व्हावयाची, ती झाली नाही, हे त्याचे कारण होते. अशा वेळी आपापल्या मोबाइलची बॅटरी काढून पुन्हा बसविणाऱ्या वापरकर्त्याच्या हाती काय लागणार? दोष त्याच्यापासून हजारो किलोमीटर दूर होता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १ जानेवारी २०२२ रोजी जगभरातील अनेक संस्थांच्या एक्स्चेंज २०१६ व २०१९ या सर्व्हरांवर पत्रे अडकून पडली. विषाणू तपासणाऱ्या घटकाच्या अद्ययावत संचाला तारखेवरून क्रमांक दिला जात असे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो क्रमांक २,२०,१०,१०,००१ असा झाला. ज्या प्रकारच्या चलात तो साठवावयाचा होता, त्याची कमाल मर्यादा मात्र २,१४,७४,८३,६४७ इतकीच होती. क्रमांक मावला नाही, तपासणीचा घटक कोसळला आणि पत्रे रांगेत थांबली. मोबाइलवर नवे पत्र दिसत नव्हते. परंतु मोबाइल, नेटवर्क आणि पासवर्ड हे तिन्ही निर्दोष होते. साच्यातील पहिल्या पाचही पायऱ्या त्या दिवशी व्यर्थ होत्या.

तिसरे उदाहरण एका व्यक्तीपुरत्या दोषाचे आहे. एक्स्चेंजच्या व्यवस्थापकांना ते चांगले परिचयाचे आहे. संस्थेतील सर्वांचे मोबाइल सुरळीत चालतात, फक्त एकाचा चालत नाही आणि तो नेमका संगणक-व्यवस्थापकाचा असतो. उच्च अधिकाराच्या गटात असलेल्या खात्यांचे संरक्षण व्हावे म्हणून निर्देशिका-प्रणाली त्या खात्यांवरील वारशाने येणाऱ्या परवानग्या ठरावीक काळाने आपोआप काढून घेते. परिणामी त्या खात्याखाली नव्या मोबाइलची नोंद करण्याचा अधिकार एक्स्चेंजला उरत नाही. येथे अडचण 'एकालाच' आहे, म्हणून दोष त्याच्या मोबाइलमध्ये असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो सर्व्हरच्या नियमांत असतो. तात्पर्य, 'किती जणांना' या प्रश्नाबरोबरच 'त्याच व्यक्तीचे खाते दुसऱ्या मोबाइलवर चालते का' हाही प्रश्न विचारावा लागतो. साच्यात तोही आढळत नाही.

आता पाचव्या पायरीकडे वळू. 'खाते काढून टाका व नव्याने जोडा' हा या लेखनप्रकाराचा जणू रामबाण उपाय आहे. तो अनेकदा लागू पडतो, कारण खाते नव्याने जोडले की मेळ शून्यापासून सुरू होतो आणि बिघडलेली जुनी खूण निकालात निघते. परंतु त्याचे तीन तोटे मार्गदर्शिका क्वचितच सांगतात. पहिला तोटा असा की, अद्याप न गेलेली पत्रे आणि मोबाइलमध्येच राहिलेले मसुदे खात्याबरोबर नष्ट होतात. पॉप पद्धत असेल तर आलेली पत्रेही जातात, कारण त्यांची मूळ प्रत सर्व्हरवर उरलेली नसते. दुसरा तोटा म्हणजे दोषाचा पुरावा पुसला जातो. मेळ कोठे तुटला होता, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही आणि तोच दोष महिन्याभराने पुन्हा उद्भवतो. तिसरा तोटा असा की, दोष सर्व्हरवर असताना अनेकांनी एकाच वेळी हा उपाय केला तर प्रत्येक मोबाइल सर्व पत्रे पुन्हा मागतो आणि आधीच थकलेल्या सर्व्हरवर भार वाढतो. घराचे कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून ठेवावे, तसा हा उपाय आहे. दार निघते, परंतु कुलपाचे काय झाले ते कळत नाही.

६. भाषेची चिकित्सा

मार्गदर्शिकांचे आणि मोबाइलवरील त्रुटी-संदेशांचे व्याकरण लक्ष देण्याजोगे आहे. संदेश 'काहीतरी चूक झाली', 'मेल मिळवता आला नाही', 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही' अशा रचनेत असतात. या वाक्यांत कर्ता नाही. चूक कोणी केली, संपर्क कोणाकडून तुटला, हे कळत नाही. 'नजरचुकीने राहून गेले' ही आपल्या कार्यालयीन भाषेतील रचना याच कुळातील आहे. सूचना मात्र आज्ञार्थात असतात : तपासा, काढा, जोडा, बदला. चूक सांगताना कर्ता लोपतो आणि उपाय सांगताना वाचक हाच कर्ता होतो. या दोन रचना शेजारी आल्या की, ज्याला उपाय करावयास सांगितले त्याचीच चूक असावी, असा अर्थ आपोआप तयार होतो. कोणी तसे स्पष्टपणे म्हटलेले नसते. भाषेने ते सुचविलेले असते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 'पासवर्ड चुकीचा आहे' हा संदेश. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी केवळ वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड यांच्या आधारे जोडणाऱ्या जुन्या ॲपना प्रवेश देणे थांबविले. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या 'एक्स्चेंज ऑनलाइन' सेवेत १ ऑक्टोबर २०२२ पासून अशी जुनी ओळख-पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली. सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु जुन्या मोबाइलवरील जुन्या ॲपला हे कळत नव्हते. अशा ॲपमध्ये पासवर्ड अचूक असूनही तो पुन्हा पुन्हा विचारला जाण्याचा प्रकार घडतो. नियम सेवादात्याने बदललेला असतो आणि संशय मात्र वापरकर्त्याच्या स्मरणशक्तीवर येतो. 'तुमचा पासवर्ड बरोबर असू शकतो. प्रवेशाची पद्धत बदलली आहे' हे एक वाक्य छापले असते तर कितीतरी लोकांचा मनस्ताप टळला असता.

७. गृहीत वाचक आणि रेणापूरचे कार्यालय

साच्याची शेवटची पायरी 'आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा' अशी असते. हे वाक्य ज्याच्यासाठी लिहिले आहे, त्या वाचकाकडे प्रशासक आहे, त्याच्यापुरता एक मोबाइल आहे, स्वतंत्र खाते आहे आणि अखंड नेटवर्क आहे. हा वाचक मोठ्या शहरातील मोठ्या कंपनीचा कर्मचारी आहे. लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या वरिष्ठ महाविद्यालयाचे कार्यालय आपण डोळ्यांसमोर आणू. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ मध्ये झाली. लातूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येत असल्याने येथील महाविद्यालयांचा मुख्य पत्रव्यवहार नांदेडशी होतो. असे कार्यालय येथे एक नमुना म्हणून कल्पिले आहे. त्याचा कोणत्याही विशिष्ट संस्थेशी संबंध जोडू नये.

या कार्यालयाचे अधिकृत ई-मेल खाते मोफत सेवेवरील आहे असे समजू. अशा खात्याला आपल्या आवाक्यातील कोणी प्रशासकच नसतो. दूरध्वनी करावा असा माणूस नाही, अर्ज द्यावा असा टेबल नाही. प्रत्यक्षात 'प्रशासक' म्हणजे संगणकशास्त्राचे प्राध्यापक किंवा लातूरहून येणारा संगणक दुरुस्त करणारा तरुण. मार्गदर्शिकेची शेवटची पायरी येथे रिकाम्या जागेत जाऊन संपते.

दुसरी बाब खात्याच्या सामायिक वापराची आहे. एकच खाते प्राचार्य, उपप्राचार्य, अधीक्षक, आवक लिपिक, नॅकचे समन्वयक आणि परीक्षा विभागप्रमुख यांच्या मोबाइलवर जोडलेले असते. जीमेल आयमॅप मार्गाने एका खात्याला एका वेळी १५ जोडण्यांची मुभा देते आणि एकच ॲप एकाहून अधिक जोडण्या उघडू शकते. त्यामुळे ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते. मग कोणाचा तरी मोबाइल मागे राहतो, आज एकाचा तर उद्या दुसऱ्याचा. त्यांच्यापैकी एखाद्याचा मोबाइल पॉप पद्धतीने जोडलेला असेल आणि त्यावर मूळ पत्र पुसण्याची व्यवस्था असेल, तर इतरांना ते पत्र कधीच दिसत नाही. पत्र हरवत नाही. ते एका मोबाइलमध्ये बंदिस्त होते.

तिसरी बाब जुन्या मोबाइलची. पासवर्ड बदलला की तो सर्व मोबाइलवर बदलावा लागतो. निवृत्त झालेल्या किंवा बदली झालेल्या सहकाऱ्याच्या मोबाइलवर जुना पासवर्ड तसाच राहतो आणि तो मोबाइल दिवसरात्र चुकीच्या पासवर्डने दार ठोठावत राहतो. ज्या सर्व्हरवर ठरावीक चुकांनंतर खाते बंद करण्याचा नियम आहे, तेथे त्यामुळे सर्वांचेच खाते अडते. दोषाचे मूळ कार्यालयात नसतेच. ते कोणाच्या तरी घरातील कपाटात असते.

चौथी बाब जागेची. मोफत गुगल खात्याची १५ जीबी जागा पत्रे, ड्राइव्ह आणि छायाचित्रे या तिन्हींत मिळून असते. नॅकच्या तयारीसाठी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांची, वृक्षारोपणाची, जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमांची छायाचित्रे त्याच खात्यावर साठविली जातात. जागा भरली की नवी पत्रे स्वीकारली जात नाहीत, ती पाठविणाऱ्याकडे परत जातात. मोबाइलवर जुनी पत्रे नीट दिसत असल्यामुळे कार्यालयाला संशय येत नाही. सर्व काही ठीक दिसणे हेच या दोषाचे लक्षण आहे.

पाचवी बाब नेटवर्कची. लातूरच्या रेणापूर नाक्यावरून निघून महाविद्यालयात पोहोचेपर्यंत मोबाइल अनेक टॉवर बदलतो आणि आवारात आल्यावर वाय-फायला जोडला जातो. जोडणीचा मार्ग बदलला की सर्व्हरकडे उघडे ठेवलेले विचारणे तुटते व ते नव्याने करावे लागते. मधली फायरवॉल किंवा मोबाइल कंपनीची यंत्रणा निष्क्रिय जोडणी ठरलेल्या वेळेआधीच बंद करीत असेल, तर मोबाइल वाट पाहत राहतो आणि पत्र उशिरा येते. साच्यातील 'इंटरनेट चालू आहे का' या प्रश्नाचे उत्तर येथे 'होय' असेच येईल, तरीही अडचण कायम राहील.

८. कायद्याची दृष्टी

येथवरच्या विवेचनाला कायद्याची एक बाजू आहे आणि ती प्रत्येक कार्यालयाने लक्षात घ्यावयास हवी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, उभय पक्षांत वेगळे ठरलेले नसेल तर, स्वीकारणाऱ्याने पत्रासाठी जे संगणकीय साधन निर्दिष्ट केले आहे त्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेख प्रवेश करतो, त्या क्षणी तो मिळाला असे मानले जाते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, महाविद्यालयाने कळविलेल्या पत्त्याच्या पेटीत पत्र पोहोचले की ते 'मिळाले'. ते प्राचार्यांच्या मोबाइलवर उमटले का, लिपिकाने उघडले का, हा प्रश्न पत्र मिळाल्याच्या वेळेशी संबंधित नाही.

म्हणजे कायदा सर्व्हरकडे पाहतो आणि मार्गदर्शिका मोबाइलकडे पाहते. या दोन दृष्टींमधील अंतरात कार्यालयातील कनिष्ठ माणूस सापडतो. 'पत्र आलेच नाही' हे त्याचे सांगणे त्याच्या मोबाइलपुरते खरे असते, परंतु नियमाने ते टिकत नाही. सर्व्हरवरील नोंद तपासण्याचे साधन किंवा ज्ञान त्याच्याकडे नसते. मार्गदर्शिकेने त्याला मोबाइल बंद-चालू करावयास सांगितलेले असते आणि ते त्याने केलेले असते. अखेरीस खुलासा मात्र त्याच्याकडूनच मागविला जातो. क्रम उलटा असल्याची खरी किंमत ही आहे.

९. पर्यायी क्रम

वरील चिकित्सेवरून दोषशोधाचा पुढील क्रम सुचविता येईल.

(१) प्रथम मोबाइल बाजूला ठेवून संगणकाच्या ब्राउझरवर तेच खाते उघडावे. पत्र तेथे असेल तर ते मिळालेले आहे. आवक नोंदवहीत त्याची नोंद करून काम सुरू करावे आणि मोबाइलचा शोध नंतर घ्यावा. पत्र तेथेही नसेल तर मोबाइलला हात लावू नये. जागा, स्पॅम फोल्डर, पत्र आपोआप दुसरीकडे वळविण्याचे नियम आणि पॉप जोडणी तपासावी.

(२) अडचण किती जणांना आहे आणि त्याच व्यक्तीचे खाते दुसऱ्या मोबाइलवर चालते का, हे विचारावे.

(३) केव्हापासून, आणि त्या सुमारास काय बदलले, हे लिहून काढावे. पासवर्ड, मोबाइल, ॲपची आवृत्ती, सर्व्हरचे प्रमाणपत्र किंवा सेवादात्याचा नियम यांपैकी बहुधा काहीतरी बदललेले असते.

(४) खात्याच्या सुरक्षा-पानावर कोणकोणते मोबाइल जोडलेले आहेत ते पाहावे आणि ज्यांचा आता संबंध नाही ते काढून टाकावेत.

(५) त्यानंतर नेटवर्क तपासावे. एकदा वाय-फायवर व एकदा मोबाइल डेटावर पाहिल्यास मधल्या यंत्रणेचा दोष वेगळा करता येतो.

(६) सर्वांत शेवटी, न गेलेली पत्रे व मसुदे जपून, त्रुटी-संदेशाचे छायाचित्र घेऊन मगच खाते काढावे व पुन्हा जोडावे.

एक्स्चेंज सर्व्हरसाठी मायक्रोसॉफ्टनेच उपलब्ध करून दिलेले दूरस्थ जोडणी तपासण्याचे साधन याच दिशेने जाते. ते बाहेरून सर्व्हरकडे पाहते आणि पत्ता सापडतो का, प्रमाणपत्र वैध आहे का, ओळख पटते का, फोल्डरांची यादी मिळते का, असे एकेक टप्पे तपासून कोठे अडले ते सांगते. ज्यांनी हे साधन घडविले त्यांना योग्य क्रम ठाऊक आहे, हे त्यावरून दिसते. तो क्रम सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पानांपर्यंत उतरलेला नाही, एवढेच म्हणणे आहे.

१०. समारोप

दोषनिवारण मार्गदर्शिका हा आपल्या काळातील सर्वाधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा लेखनप्रकार असावा. तो सोपा आहे, उपयुक्त आहे आणि सद्हेतूने लिहिलेला आहे. परंतु त्याने मूळ नोंदवहीऐवजी नकलेपासून शोध सुरू केला, कर्ता लपविणारी भाषा स्वीकारली आणि प्रशासक नसलेल्या वाचकाचा विचार केला नाही. त्यामुळे दोष शोधण्याचे काम दोषी ठरविण्याच्या जवळ जाते.

यावर महाविद्यालयांना आपल्या पातळीवर दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे अधिकृत पत्ता व्यक्तीचा वा मोफत सेवेचा नसून संस्थेचा असावा. शैक्षणिक संस्थांसाठी असलेल्या 'डॉट एसी डॉट इन' नावांची नोंदणी अर्नेट इंडिया करते. असे नाव घेऊन प्राचार्य, परीक्षा, नॅक समन्वयक अशा पदांनुसार स्वतंत्र खाती उघडल्यास एकाच पासवर्डवर दहा मोबाइल जोडण्याची वेळ येणार नाही आणि प्रशासक कोण, या प्रश्नालाही उत्तर मिळेल. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे व तिला खर्चही नाही. रोज सकाळी व दुपारी ठरलेल्या वेळी कार्यालयातील संगणकावर खाते उघडून आलेल्या प्रत्येक पत्राची आवक नोंदवहीत क्रमांकासह नोंद करावी. मोबाइलवरील सूचना ही सोय आहे, नोंद नव्हे. आवक लिपिकाच्या त्या जुन्या वहीने टपालाच्या काळात जे काम केले, तेच काम ती ई-मेलच्या काळातही करू शकते. आणि खुलासा देण्याची वेळ आलीच, तर लिपिकाच्या बाजूने बोलणारा कागदही तोच असेल.